पाडणारीने उचलायचं नाही

३ फेब्रुवारी

धाकट्या,

हे फाडू नकोस. आधीची फाडली असशील तर ती फाडायच्याच लायकीची होती, पण हे वाच. फोनवर माझं नाव दिसलं की तू कापतोस, म्हणून हा उद्योग. यात भांडण नाही. म्हणजे आहे, पण शेवटी आहे, आधी बातमी ऐक.

मालकीणबाई जमीन देतायत! विकत नाही रे, विकत घ्यायला आपल्या घरात कुणी हंडा पुरून ठेवलाय? पण वीस वर्षांच्या कराराने देतायत. वीस! दर उन्हाळ्यात त्यांच्या व्हरांड्यात हात बांधून उभं राहायचं आणि "यंदा ठेवता ना बाई?" म्हणून विचारायचं, ते संपलं. बाबांचा जन्म त्या एका वाक्यात गेला. घरी येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते. गिरणीवाला म्हणाला, "काय ताई, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "कळेल, कळेल." आणि दळण तिथेच विसरून आले.

आता नीट सांगते. सकाळी बाईंनी मला आणि भोपळेवाल्याला, दोघांना एकदम बोलावलं. भोपळेवाला म्हटलं की तुझ्या कपाळावरची शीर उडायला लागते, मला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी बाईंनी कुळांची अदलाबदल केली, आपल्याला वरचा तुकडा दिला आणि आपला खालचा ज्याला दिला, तोच तो. बाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शाल, हातात ती जुनी काठी. म्हणाल्या, "माझा मुलगा जमीन विकायला टपलाय. माझ्यामागे निदान वीस वर्षं तरी त्याला हात लावता येऊ नये अशी सोय करून ठेवते. अर्धी हिला, अर्धी तुला. पण कुठून कुठे अर्धी, ते तुमचं तुम्ही बघा. तुमची विहिरीवरची भांडणं ऐकून माझे कान किटलेत."

झालं, आम्ही दोघं लगेच सुरू. विहीर माझ्या तुकड्यात, रस्त्याजवळ. पाटाने पाणी खाली त्याच्याकडे जातं. तो म्हणाला, ताई पाणी रोखतात. मी म्हटलं, तुमचे भोपळे पाणी पितात की अंघोळ करतात? बाईंनी काठी आपटली.

"हिचे बाबा जन्मभर माझ्या खळ्यावर दोन राशी पाडायचे," त्या म्हणाल्या. "ते पाडायचे, मी आधी उचलायचे. पाडणाऱ्याने उचलायचं नाही, उचलणाऱ्याने पाडायचं नाही. कधी वाद झाला? तीच रीत जमिनीला लावा. तू पाड गं. हा उचलेल. एक मार्चला मी बघायला येते."

कळलं का तुला? खुंट्या मी ठोकणार! कुठली रेघ कुठून जाईल हे मी ठरवणार! बाबांच्या हाताखाली राशी पाडायला कोण बसायचं? मी. तू तेव्हा खळ्यावर झोपा काढायचास. टपोरी कणसं आत, किरकोळ वरून, ती रास दाबून बसवलेली. दुसरी हलक्या हाताने रचलेली, फुगवलेली. बाई फुगलेली उचलायच्या. बाबा घरी येऊन हातपाय धुऊन होईपर्यंत तोंड गंभीर ठेवायचे आणि मग जे हसत सुटायचे! तो हात माझ्यात आहे, धाकट्या. आता बघच.

भांडणाला जागा उरली नाही. पुढच्या पत्रात.

तुझी (तुला आवडो न आवडो) ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी भांडण उरकून घेते.

खालच्या तुकड्यातला तो खळगा. नुसती खडी होती तिथे, कुदळ मारली की ठिणगी उडायची. तू अख्खा उन्हाळा हातगाडीने तळ्यातला गाळ आणून तो खळगा भरलास. पाठीची सालं निघाली तुझ्या. पहिलं पीक घ्यायच्या आत बाईंनी तुकडे बदलले, कारण सगळ्या मालकांच्या पोटात एकच भीती, कूळ एका जागी मुरलं तर मग उठायचं नाही. तू बाजारात होतास, मी हो म्हटलं. "मला विचारलं का नाहीस?" म्हणून तू ताट सारून उठलास, तो उठलासच. आपण खत घालायचं आणि दुसऱ्याने खायचं, असलं जिणं मला नको म्हणालास. आणि आता तिकडे कारखान्याच्या बागेत गवत कापतोस, जे कुणीच खात नाही!

मी आजही सांगते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा हो म्हणेन. नाही म्हटलं असतं तर वरचाही गेला असता. आणि तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास, म्हणूनच विचारलं नाही. संपलं भांडण.

आता बेत ऐक, आणि कुणाजवळ बोलू नकोस. अर्थात तू कुणाजवळच बोलत नाहीस, ते एक बरं आहे.

वरचा भाग विहिरीसकट, पत्र्याच्या शेडसकट, रस्त्यासकट, ही झाली एक रास. फुगवलेली! खालचा भाग जरा मोठा, पण ना रस्ता ना पाणी, ही दुसरी. भोपळेवाला विहीर बघून झडप घालणार म्हणजे घालणारच, विहिरीवरून चार वर्षं माझ्याशी कचाकचा भांडलाय तो. आणि मग मला काय उरतं? तुझा खळगा! अरे, काय माती झालीय ती! त्याचे भोपळे तिथे एवढाले होतात की उचलायला दोन माणसं लागतात. वीस वर्षं ती माती आपली. मला बसल्या जागी हसू फुटतंय.

पाण्याचं काय, असं तू म्हणशील. त्याचाही विचार केलाय. भर उन्हाळ्यात सगळं रान करपलेलं असतं तेव्हा खळग्यात लव्हाळा हिरवागार असतो. लव्हाळा आहे तिथे खाली पाणी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. थोडं खणलं की आपली स्वतःची विहीर! बरोबर ना? मी खणून बघितलं असतं, पण तिथे सध्या त्याचे वेल आहेत आणि त्याची बायको राखणीला बसलेली असते. तू तिथे राबलास, तुला त्या जागेचं पोट ठाऊक. एवढंच लिहून पाठव, पाणी आहे की नाही. एक शब्द. "आहे" पुरे. बाकी हवं तर आणखी चार वर्षं बोलू नकोस.

एकच अडचण आहे, माझे डोळे. भोपळेवाला दिवसभर मी कुठे बघते ते बघतो. मी शेडकडे बघितलं की तो शेडकडे जातो, पत्रे वाजवून बघतो. काल मी मुद्दाम बांधावरच्या एका दगडाकडे टक लावून बसले. संध्याकाळी बघते तर त्याने तो दगड उलटा करून ठेवलाय!

ताई


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे, टपाल हळू चालतं, मी समजून घेते.

आज भोपळेवाला घरी आला. हातात भोपळा. लोक आवळा देऊन कोहळा काढतात, हा भोपळा देऊन काय काढायला आलाय, असं मनात म्हणत मी चहा ठेवला. पहिला चहा बोलण्यात गेला, दुसराही गेला. मग म्हणाला, "ताई, रेघ आडवी मारणार की उभी?"

मी म्हटलं, "तिरकी मारते. तुमच्या डोक्यासारखी."

तो हसला. वाईट माणूस नाही रे. तुला आवडणार नाही, पण नाही. तिसऱ्या चहाला म्हणाला, "वीस वर्षं म्हणजे काय असतं हो ताई? मला आजवर एकदाही पुढच्या वर्षीचं बियाणं ठेवायचा धीर झाला नाही. बायको म्हणते, आता घराला रंग देऊ या. मी म्हटलं, आधी पाय ठेवायला जमीन तर कळू दे." आणि मग कपाकडेच बघत बसला. मला त्याच्याकडे बघवेना. आपल्याही घराला रंग कुठे आहे?

आता एक सांगायचं राहिलं. पहिल्या पत्रातच सांगणार होते, पण तेव्हा दळण आणायला जायचं होतं.

त्या दिवशी भोपळेवाला गेल्यावर बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "तो नवरा-बायको दोघं आहेत. तू एकटी. एकट्या बाईच्या भरवशावर वीस वर्षं कशी देऊ? तुझा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून वाजतोय, मला इथे ऐकू येतो. दुसरे हात कुणाचे?"

मी म्हटलं, "माझा भाऊ येतोय."

असं निघूनच गेलं तोंडातून. बाई म्हणाल्या, "खरंच?" मी म्हटलं, "म्हणजे काय, निघालाच आहे." आता तू म्हणशील, विचारलं का नाहीस. बघ, विचारतेय. येतोस का? बाई म्हणाल्या, एक मार्चला भाऊ तरी दिसू दे नाहीतर त्याचा शब्द तरी. नसेल तर सगळी जमीन भोपळेवाल्याला. दोन्ही तुकडे.

गुडघ्याचं फार मनावर घेऊ नकोस. सकाळी जरा धरतो, एवढंच. कांद्याचे वाफे-बिफे मी अजून एकटी करते, फक्त बसून करते.

ताई


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

टपालवाला आमच्या गल्लीत शिरला की मी केर काढायला बाहेर येते. आता सगळी गल्ली स्वच्छ झालीय. आज त्यानेच लांबून हात हलवला, "नाही हो ताई, नाही!" शेजारच्या शिंपिणीने खिडकीतून विचारलं, "काय नाही?" मी म्हटलं, "अक्कल. माझ्या भावाला."

खुंट्या ठोकल्या. आडवी रेघ. विहीर वर, खळगा खाली. सुतळी इतकी छान ताणलीय की वाजवली तर सूर निघेल. भोपळेवाला येऊन बघून गेला, विहिरीशी उभा राहून त्याने आत डोकावलं आणि हळूच एक खडा टाकला. मासा गळाला लागलाय! मी पाठ फिरवून कांदे निवडत बसले, खांदे हलू नयेत म्हणून जीभ चावून धरली होती.

तू लिही अगर न लिही, लव्हाळा काही खोटं बोलत नाही. मी हीच रेघ ठेवणार.

राहता राहिला तुझा शब्द. बाईंना मी काय दाखवू रे? तू जिवंत आहेस एवढं तरी लिही, पुढचं मी रंगवून सांगेन.

ताई


२७ फेब्रुवारी

अरे गधड्या! अरे माझ्या बाळा! अरे मेल्या!

कार्ड आलं!

टपालवाल्याने सायकलवरूनच ओरडून सांगितलं, "आलं हो ताई, आलं!" आणि मी केरसुणी हातात घेऊन अशी धावले की गुडघा आहे हेच विसरले. शिंपीण खाली आली, गिरणीवाला आला. सगळे म्हणाले, वाचा. मी उघड्यावर वाचायला लागले आणि मला ओरडावं की रडावं ते कळेना.

चार वर्षं! चार वर्षांत पहिला शब्द! "ताई" नाही, "कशी आहेस" नाही, खाली सही नाही. काय लिहितो पठ्ठ्या? "खळग्यात पाणीबिणी काही नाही. पाट वळणावर गळतो, त्या ओलीवर लव्हाळा जगतो. गळती मीच ठेवली होती, मुद्दाम, खळग्याला ओल मिळावी म्हणून. विहीर गेली की पाट बंद, पाट बंद की खळगा पुन्हा खडी. निदान अर्धी विहीर तरी हातात ठेव, नाहीतर पस्तावशील. डोकं वापर."

डोकं वापर! मला म्हणतो! गिरणीवाला विचारतो, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "एकदम ठीक, माझा भाऊ मला शिव्या देतोय!" आणि तिथे रस्त्यातच पदर डोळ्याला लावला. शिंपिणीलाही रडू आलं, तिला तर काहीच कळलं नव्हतं.

आणि अरे लबाडा, गळती तू ठेवलीस? बाबा असताना दर आठवड्याला तू पाट लिंपायला जायचास, आणि बाबा म्हणायचे, पोरगं किती काळजीने काम करतं! मला हसूच आवरत नाहीये.

पण धाकट्या, आता हसून भागायचं नाही. उद्याचा एक दिवस मध्ये, मग एक तारीख. मी स्वतःच्या हाताने विहीर त्याच्या ताटात वाढून ठेवली होती! बाबांची फुगवलेली रास पाडता पाडता मीच फुगवलेली उचलणार होते. आता सगळ्या खुंट्या उपटते. कुठे ठोकायच्या ते अजून कळत नाही, पण आधी उपटते.

ताई


२ मार्च

धाकट्या,

बस कुठेतरी, आणि सावकाश वाच.

खुंट्या उपटून मी रिकाम्या शेतात उभी होते. डोक्यात बाबांच्या सगळ्या युक्त्या फिरवून बघितल्या. विहीर मला आणि खळगा त्याला, तर तुझा गाळ गेला. खळगा मला आणि विहीर त्याला, तर खळगाही गेला आणि मीही गेले. कशीही फुगवली तरी उचलणार तो, आणि मग उरलेल्यावर वीस वर्षं मी. एका मोसमाची रास असती तर फसले तर फसले, पुढच्या वेळी बघू म्हटलं असतं. वीस वर्षं बांधाला बांध लावून राहायचंय. ज्याला फसवेन तो रोज सकाळी समोर दिसणार, आणि मी फसले तर मी त्याला.

मग रेघ उभी मारली. रस्त्यापासून थेट खालच्या दगडी बांधापर्यंत. विहिरीच्या मधून, पाटाच्या कडेकडेने, खळग्याच्या मधून. विहिरीवर खुंटी कुठे ठोकणार? म्हणून सुतळी या काठावरून त्या काठावर आरपार ताणली. गाळही अर्धा त्याला, अर्धा आपल्याला. तू चिडशील. चीड. पण अर्ध्या विहिरीचं तूच लिहिलं होतंस.

काल सकाळी बाई रिक्षातून उतरल्या, खुर्ची बांधावर ठेवली. भोपळेवाला आला, सुतळी बघितली आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "ही नव्हती!" मी म्हटलं, "आता ही आहे. उचला."

तो उजवीकडून चालत खाली गेला, डावीकडून वर आला. माती चिमटीत घेऊन हुंगली. विहिरीत डोकावला, या बाजूने, मग त्या बाजूने. दगड उलटे केले. माझ्या तोंडाकडे बघितलं, पण माझ्या तोंडावर काही असेल तर दिसणार ना! धाकट्या, खरं सांगते, जन्मात पहिल्यांदा मी अशा दोन राशी पाडल्या होत्या की मोठी कुठली ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. ऊन चढलं. बाईंनी छत्री उघडली. तो शेवटी काकुळतीला आला, "ताई, मेख कुठे मारलीय ते सांगा ना! तुमच्या बाबांची लेक तुम्ही, कुठेतरी असणारच!"

"नाही मारली," मी म्हटलं.

"मग तुम्हीच उचला आधी!"

"पाडणारीने उचलायचं नाही."

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. तिने सुतळी बघितली, नवऱ्याकडे बघितलं, डबा खाली ठेवला. म्हणाली, "अहो, दोन्ही सारख्याच आहेत. तुम्हाला सारखं कधी मिळालंच नाही ना, म्हणून ओळखू येत नाही."

मलाच गलबलून आलं, म्हणून मी सुतळीची गाठ उगाच घट्ट करत बसले. मग वहिनीच, म्हणजे त्याची बायकोच, म्हणाली, "माझी शेळी डावीकडे बांधलीय. तीच बाजू घ्या, म्हणजे सोडून बांधायला नको." झालं! वीस वर्षांचा निर्णय शेळीने केला. शेड डावीकडे गेलं, त्याचं मला वाईट नाही, गळकंच होतं. उजवी बाजू आपली.

बाई म्हणाल्या, "आणि तुझा भाऊ?"

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मोठ्याने, भोपळेवाल्यासमोर. पाटाच्या गळतीपाशी आल्या तसा भोपळेवाला उडालाच. "म्हणजे ती मुद्दाम ठेवलेली? मी दोनदा लिंपायला गेलो आणि दोनदा तशीच सोडून आलो! मला वाटलं, मला एकट्यालाच कळलंय!" वहिनी कपाळावर हात मारून हसायला लागली. बाईही हसल्या, काठी हातातून पडेपर्यंत. मग कार्ड मला परत दिलं आणि म्हणाल्या, "लांब बसून पाण्यावरून भांडतोय, म्हणजे हा आलाच म्हणायचा. करारात त्याचंही नाव घाल."

घातलं! तुझं नाव माझ्या नावाखाली आहे. तुला विचारलं नाही.

ताई


१६ मार्च

धाकट्या,

सही झाली, शिक्का झाला, सगळं झालं. मी दोन दिवस नुसती आपल्या बाजूने वरखाली चालत होते. गुडघा म्हणतो बस, मी म्हणते तूच बस.

तुझ्या खळग्यात, आपल्या अर्ध्यात, हात घालून बघितला. कोपरापर्यंत गाळ आहे रे अजून. काळाभोर, थंड. तू आणलेला आहे तसा आहे, कुणी खाऊन संपवला नाही. मी तिथेच मातीत बसले आणि तुझ्या नावाने चांगला हुंदका दिला. आता सांगायला काय हरकत आहे, तू नाहीस तेव्हापासून त्या तुकड्याकडे मी धड बघितलंच नव्हतं.

मग एक विचार आला. बाबा सांगायचे ते आठवतं? दुसऱ्याच्या जमिनीत चार महिन्यांच्या पुढचं काही लावायचं नाही. कांदा लाव, मका लाव, काकडी लाव. झाड लावलं की मालकाला वाटतं, हे मुळं रोवायला लागले, आणि मग पहिली हकालपट्टी आपली. जन्मभर शेतीत राबून आपल्या घरातल्या कुणी एक झाड लावलेलं नाही. मी बाईंना विचारायला गेले, भीत भीतच. "बाई, एखादं झाड लावलं तर चालेल?" त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मला विचारायचं नाही, असं त्यात लिहिलंय ना? जांभूळ लाव, वड लाव, जंगल कर."

म्हणून मी खड्डा खणलाय. चांगला कमरेएवढा, एकटीने, बसून बसून. शेणखत टाकलंय, तळाला तुझा गाळ टाकलाय. पण रोप आणलेलं नाही आणि आणणारही नाही. तू तिकडे रोपांतच लोळतोस, तू आण. जांभळाचं आण. फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात म्हणे, लागू देत. तोवर आपल्याला कोण उठवतंय!

फक्त फार दिवस उघडा ठेवता येणार नाही. वहिनीची शेळी दोनदा आत पडलीय. काल भोपळेवाला तिला वर काढताना स्वतःच पडला आणि आतून ओरडला, "ताई, ही मेख होती होय!"

ताई


२९ मार्च

धाकट्या,

कार्ड मिळालं. या वेळी "ताई" लिहिलंस, बघितलं मी. पुढे तीनच शब्द आहेत तेही बघितलं.

"खड्डा कुठे खणलास?"

म्हणजे तुला काळजी पडलीय, मी तो पाटाला खेटून खणला असेल, विहिरीत मुळं जातील, शेजाऱ्यावर सावली पडेल, बाईमाणसाला अक्कल कुठे. असेलही. नसेलही. मला सगळं ठाऊक आहे, तुला झोप लागत नसेल.

सांगणार नाही. येऊन बघ.

ताई